शनिवारी दिव्याचं बटण दाबायचं नाही, पण का?

इस्रायलमधल्या बऱ्याच हॉटेलांत शनिवारी एक लिफ्ट कुणीही बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबत वर जाते आणि तशीच खाली येते. ती बिघडलेली नसते, ती 'शब्बाथ लिफ्ट' असते. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू याच दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ऑर्थोडॉक्स ज्यू तर या काळात विजेचं बटणही दाबत नाहीत.

पण मंडळी, इतक्या जुन्या धर्मग्रंथात वीज आली कुठून? आलेलीच नाही! तोरामध्ये शब्बाथला काम करू नका, घरात आग पेटवू नका, एवढं आहे. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये मनाई असलेल्या 39 कामांची यादी आहे: नांगरणं, पेरणं, विणणं, लिहिणं, बांधणं, आग पेटवणं, विझवणं वगैरे. इथे काम म्हणजे कष्ट नव्हेत. घरातल्या घरात जड खुर्ची सरकवलेली चालते, काडी ओढलेली चालत नाही.

विजेचे दिवे आले तेव्हा रब्बींपुढे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंपुढे, प्रश्न पडला की हे 39 पैकी कशात बसवायचं? जुन्या पिवळ्या बल्बचं उत्तर सोपं होतं. त्यातली तार तापून लखलखते, आणि लोखंड तापवणं हा आग पेटवण्याचाच प्रकार, असं 12 व्या शतकात मैमोनिडीस यांनी म्हटलं होतं. पण पंखा? टेलिफोन? तिथे काहीच जळत नाही.

खरा वाद इथून पुढे. रब्बी यित्झाक श्मेल्केस म्हणाले, शब्बाथला कपड्यात नवा सुगंध भरायला मनाई आहे, तसंच तारेत नवा प्रवाह आणणंही चुकीचं. 'हझोन ईश' या नावाने ओळखले जाणारे रब्बी कारेलित्झ यांच्या मते सर्किट जोडणं म्हणजे चक्क बांधकाम. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मन ऑयरबाख यांना दोन्ही मुद्दे पटले नाहीत. जे सतत जोडायचं-तोडायचंच असतं ते दार उघडण्या-लावण्यासारखं, त्याला बांधकाम कसं म्हणायचं? तरीही रूढी पक्की झाली आहे म्हणून विजेची उपकरणं चालू करू नयेत, असंच त्यांनी सांगितलं. कारण पटत नाही हे मान्य करून नियम पाळणं, हा या वादातला सगळ्यात प्रामाणिक भाग म्हणावा लागेल.

हा नुसता किस पाडणं नाही. तोराची थेट मनाई मोडणं फार गंभीर. रब्बींनी घातलेलं बंधन असेल, तर आजारी माणसासाठी सवलतीला जास्त वाव मिळतो. शुक्रवारीच चालू करून ठेवलेलं श्रवणयंत्र वापरायला अनेक रब्बी परवानगी देतात. एलईडीत तापणारी तारच नाही, त्यामुळे तिथे बल्बचं जुनं कारण लागू पडत नाही. बंदी मात्र कायम आहे. जीव धोक्यात असेल तर वादच नाही: अँब्युलन्सला फोन करायलाच हवा, आधी रब्बीला विचारत बसणं हाच दोष.

एरवी अडचण वीज वापरण्याची नसून चालू-बंद करण्याची आहे. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच दिवे लावून ठेवतात किंवा टायमर लावतात. आणि फ्रिजमधला छोटा बल्ब आठवणीने काढून ठेवतात, नाहीतर दार उघडताच तो पेटायचा!