आधी ब्रेक, मग बाकीचं

मंडळी, डोंगरात चालवायची जी गियरची सायकल आज दुकानात दिसते, ती कुठल्या कारखान्याने ठरवून काढलेली नाही. भंगारातून, एकेक भाग बदलत ती तयार झाली!

1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही पोरं जाड टायरच्या, तीस-चाळीस वर्षं जुन्या सायकली डोंगरावरून सुसाट खाली सोडायची. 1976 पासून तिथे शर्यतीच सुरू झाल्या. नाव 'रीपॅक'. त्या सायकलींना उलटं पेडल मारून ब्रेक लागे. उतारावर तो इतका तापे, की आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर पुन्हा भरावं लागे. नाव पडलं ते यावरूनच. मग चांगले ब्रेक आले, गॅरी फिशरसारख्यांनी गियर जोडले. जुनी फ्रेम तेवढी उरली होती. 1977 मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. 1981 मध्ये 'स्टम्पजंपर' ही सायकल बाजारात आली, तेव्हा कुठे तयार माल मिळू लागला.

आपल्याकडे चढाची हौस जुनीच. आपल्या खोपोलीवरून बोरघाट चढणारा गाडीरस्ता 1830 चा. 1945 पासूनची मुंबई-पुणे सायकल शर्यत हाच घाट चढते, आणि पहिला वर पोचणारा 'घाटाचा राजा' ठरतो. आम्ही मास्तर लोक मात्र चढ आला की उतरून सायकल ढकलायचो. एकच गियर, काय करणार! पण खरी भीती उताराची. लोखंडी रिम पावसात भिजली की ब्रेक नुसता घसरायचा. कडावच्या रस्त्याला मी कितीदा चप्पल जमिनीला घासत सायकल थांबवली आहे.

आता आमच्या नातवाने जुनी सायकल घेतली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एक भाग बदलतो. सूनबाई म्हणतात, "एवढ्यात नवी आली असती." हिशेब त्यांचा चुकीचा नाही, पण कुठला भाग कशासाठी असतो हे त्या पोराला आता कळतं, ते नव्या सायकलीने शिकवलं नसतं.

माझं भांडण वेगळं आहे. त्याला आधी पुढचे स्प्रिंगवाले फोर्क हवेत. मी म्हणतो, आधी ब्रेक. जून तोंडावर आहे, आणि हा खांडसच्या वाटेने जायचं म्हणतोय. फोर्क दिवाळीला बघू.