माळावरची पारध

कर्जत तालुका नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पर्जन्यछायेत आहे. पूर्वेकडून सीना आणि दक्षिणेकडून भीमा वाहते. मधला मुलूख मुरमाड माळांचा, उथळ ओढ्यांचा आणि सखल भागातल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यांचा. झाडोरा विरळ: हिवर, बाभूळ, बोर, कुठे खैर. पावसाळ्यानंतर कुसळी आणि पवन्या गवत गुडघ्याएवढे वाढते आणि उन्हाळ्यापर्यंत गुराढोरांच्या तोंडी जाऊन माळ पुन्हा उघडा पडतो. काळविटाला हाच मुलूख मानवतो. दाट रानात त्याचे काही चालत नाही, कारण लांबून पाहणे आणि पळत सुटणे एवढीच त्याची तटबंदी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मोठ्या डोळ्यांनी त्याला मान न वळवता बहुतेक सगळा माळ दिसतो. कळप चरत असताना एखादी तरी मादी मान उंच करून उभी असते. धोका जाणवला की ती जागच्या जागी उंच उडी घेते, तिच्यामागून बाकीची हरणे उसळत निघतात आणि मग सपाट धाव सुरू होते. या धावेचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या आसपास जातो.

अशा ठिकाणी शिकाऱ्याची पहिली अडचण नेमाची नसते, अंतराची असते. बांबूच्या कामठ्यावरून सुटलेला बाण पन्नास पावलांच्या आत भरवशाचा. त्याहून लांबून मारला तर दोरीच्या आवाजानेच सावज बिथरते आणि बाण पोहोचेपर्यंत जागा सोडते. डोंगरी रानात पन्नास पावलांवर जाता येते. जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर, तर खानदेशात सातपुड्यातले भिल्ल पाणवठ्याजवळ झाडाआड दबा धरून तिरकमठा चालवत आले, ते तिथल्या झाडीच्या बळावर. भिल्लांच्या कामठ्याची दोरीसुद्धा चिरलेल्या बांबूची असते. ती पावसाळी हवेत सैल पडत नाही. कर्जत, श्रीगोंदा, जामखेडच्या माळांवर मात्र आडोसाच नाही. इथल्या पारधीत जी जी युक्ती निघाली, ती हे अंतर कापण्यासाठी निघाली, आणि धनुष्य त्यातले केवळ एक साधन होते. बहुधा सर्वांत यशस्वी साधन नव्हेच.

माणूस या पठारावर हरणामागे केव्हापासून लागला, याचा माग दगडी हत्यारांत लागतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात सापडणाऱ्या गारगोटीच्या जातीच्या दगडांपासून मध्याश्मयुगीन माणसाने बोटाच्या पेराएवढी पाती काढली. पुरातत्त्वात त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. अशी पाती लाकडी काडीच्या खाचेत डिंकाने बसवली की बाणाचे टोक आणि काटे तयार होतात. पुढच्या काळाचा पुरावा जास्त बोलका आहे. कर्जतच्या पश्चिमेला, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. तिथे गाईबैल, शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांबरोबर काळवीट, चितळ, सांबर यांची हाडेही मिळाली. बार्ली पिकवणारी आणि गुरे पाळणारी माणसे हरणही खात होती. हाडांवरून काय खाल्ले ते कळते. ते फासात धरले की बाणाने पाडले, हे हाड सांगत नाही.

बाणाने हरीण मारण्याची गोष्ट लोकांच्या मनात मात्र पक्की रुजली. गोदाकाठी मारीचवधाच्या कथेला जागा मिळाल्या आहेत. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर येथे मृगव्याधेश्वराचे देऊळ आहे आणि रामाने मायावी हरणाला तिथे मारले असे मानतात. आकाशातही तेच चित्र आहे. मृग नक्षत्राच्या मधले तीन तारे म्हणजे हरणाच्या पोटात रुतलेला बाण. त्या तिन्हींची रेष खाली वाढवली की ती तेजस्वी व्याधाकडे जाते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागण्याकडे डोळे लावून बसणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पंचांगात ही पारध अशी कायमची नोंदली गेली. कथेतला धनुर्धारी राजा किंवा देव आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पोटासाठी पारध करणाऱ्याचे साधन निराळे होते.

राजांची मृगया कशी चाले, याचे तपशीलवार वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. तो 1129 च्या सुमारास रचला गेला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये शिकारीला मोठे प्रकरण दिले आहे. त्यात धनुष्य आहेच, पण कुत्री आहेत, चित्ते आहेत आणि शिकवलेली पाळीव हरणेही आहेत. राजाच्या हातात उत्तम धनुष्य असतानाही त्याला हरणाला जवळ आणणारा दुसरा प्राणी लागत होता. पुढे तुर्कांबरोबर शिंग, लाकूड आणि स्नायू चिकटवून केलेले आखूड, जोरकस धनुष्य दख्खनेत आले. ते घोड्यावरून चालवता येई, त्यामुळे अंतर थोडे वाढले. पण सुकल्या जमिनीवर धडधाकट काळवीट घोड्याला हाती लागत नाही. अकबराच्या दरबाराची व्यवस्था सांगणाऱ्या ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने एक मजेदार रीत नोंदली आहे: पाळीव हरणाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातल्या कळपाकडे सोडायचे. आपल्या हद्दीत दुसरा नर आला की काळवीट धावून जातो, शिंगे भिडतात आणि जाळ्यात अडकतात. शिकारी येईपर्यंत झुंज सुटत नाही.

हीच गोष्ट सामान्य माणसाने राजवैभवाशिवाय साधली. माळावरच्या पारधीतले खरे जाणकार म्हणजे पारधी. महाराष्ट्रात त्यांच्या अनेक शाखा आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची नावे साधनावरून किंवा धंद्यावरून पडली: फास लावणारे फासेपारधी, गाय किंवा बैल आड धरून जाणारे गायपारधी, चित्ते बाळगणारे चितापारधी, जात्याला टाकी लावणारे टाकणकर. धनुष्यावरून ओळखली जाणारी शाखा या नावांत नाही. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत यांतली कित्येक नावे आजही पारधी या एकाच नोंदीखाली शेजारी शेजारी छापलेली आहेत.

फास साधा असतो, त्यामागचे ज्ञान साधे नसते. लांब, मजबूत दोरी जमिनीलगत ताणून खुंट्यांनी ठोकायची. तिच्यावर हातभराच्या अंतराने तातीचे, म्हणजे वळलेल्या स्नायूंचे, फास उभे करायचे. ते गवताच्या रंगाचे, गवतातच मिसळणारे. नर काळवीट ठरावीक जागा धरून राहतो, त्याच त्याच ठिकाणी लेंड्या टाकतो, डोळ्याखालच्या ग्रंथीतला स्राव काडीला घासून हद्द आखतो. कळपाची पाण्याकडे आणि चरायला जाण्याची वाटही ठरलेली असते. पारध्याला ही वाट खुरांच्या ठशांवरून कळे. फासांची ओळ तिच्यावर आडवी लावली की बाकीची माणसे लांबून चंद्रकोरीसारखी पसरत आणि हाका सुरू होई. तो आरडाओरड्याचा हाका नव्हे. कळप उधळला तर फासांवरून उड्या मारून जाईल, म्हणून त्याला चालत्या पावलांनी, जरासे अस्वस्थ ठेवून सरकवायचे. पाय फासात गेला आणि झटका बसला की गाठ आवळते. मग मात्र पारध्याने धावत सुटायचे.

गाईआडची शिकारही याच जाणकारीवर उभी होती. काळविटाला माळावर चरणारे गुरू म्हणजे रोजचे दृश्य, त्याचा तो धोका मानत नाही. शिकवलेला बैल किंवा गाय तिरकी तिरकी चरत कळपाजवळ जाई आणि तिच्या पलीकडच्या बाजूला पारधी वाकून पावलाला पाऊल मिळवत चाले. जनावराला हळू थांबवणे आणि वळवणे हा त्यातला सगळा हुन्नर. धनुष्याला लागणारे पन्नास पावलांचे अंतर उघड्या माळावर मिळवून देणारा याच्याइतका चांगला आडोसा दुसरा नव्हता. भर पावसाळ्यात काळ्या जमिनीत हरणाच्या बारीक खुरांना चिखलाचे गोळे चिकटतात आणि वेग मरतो. तेव्हा कुत्री आणि काठ्या घेऊन गावकरीही मागे लागत.

चित्त्याची पारध राजेरजवाड्यांकडे विसाव्या शतकापर्यंत टिकली. महाराष्ट्रात तिचे ठळक ठिकाण कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांच्या आणि त्यांच्यानंतर राजाराम महाराजांच्या काळात तिथे चित्ते पाळले जात. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीत बसवून कळपाच्या जवळ नेत. शेतावर जाणाऱ्या गाडीला हरणे बुजत नसत. टोपी काढली, चित्ता सुटला, की निकाल काही क्षणांत लागे. थोड्या अंतरात हरीण हाती आले नाही तर चित्ता नाद सोडून बसे.

इंग्रजी अमलात, 1818 नंतर, अहमदनगरला लष्करी छावणी झाली आणि रायफल आली. बैलगाडीचा आडोसा साहेबांनी इथल्या पारध्यांकडूनच उचलला आणि वाटाड्या म्हणूनही पारधीच नेला. पण दोन-तीनशे पावलांवरून मारणाऱ्या बंदुकीला खरे तर आडोशाची गरजच कमी उरली. हजारो वर्षे काळविटाला वाचवणारे अंतर इथे निरुपयोगी ठरले. त्याचा सगळा परिणाम लगेच दिसला नाही, कारण बंदुका थोड्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली, पिकांच्या राखणीसाठी बंदुकांचे परवाने वाढले आणि रात्री दिव्याच्या झोतात डोळे दिपून उभी राहिलेली हरणे गाडीतून मारली जाऊ लागली. याला पारध म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. काही दशकांत माळामागून माळ रिकामे झाले.

पारध्यांचे हाल याच काळात वेगळ्या वाटेने झाले. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 मध्ये उत्तरेत सुरू झाला आणि 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. भटक्या जमातींवर हजेरीची आणि पोलीस नोंदीची सक्ती आली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती झाल्या. हा कायदा देशभरात 1952 मध्ये रद्द झाला. तोवर कुरणे शेतीखाली जात होती आणि शिकारीवर बंधने येत होती. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य प्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा केला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले आणि त्याची शिकार पूर्ण बंद झाली. या कायद्यात शस्त्राची व्याख्या वाचण्यासारखी आहे: बंदूक, धनुष्यबाण, जाळे, फास, सापळा, विष आणि सावजाला भुलवून आणणारे कोणतेही साधन, सगळे एकाच वाक्यात. मानसोल्लासापासून जीपपर्यंतची यादीच ती. अमेरिकेत याच्या उलट घडले. विस्कॉन्सिन राज्याने 1934 मध्ये केवळ धनुष्याने हरीण मारण्याचा वेगळा हंगाम सुरू केला आणि तिथे तो खेळ म्हणून वाढला. भारतात जंगली हरणावर बाण चालवणे हा आज सरळ गुन्हा आहे. फासे लावून जगणाऱ्या कुटुंबांच्या हातातला धंदा या कायद्याने गेला, त्याच्या बदल्यात काय द्यायचे याची तजवीज त्या कायद्यात नव्हती.

कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे 1980 मध्ये काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्रफळ अवघे 2.17 चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या गावच्या शिवारापेक्षाही लहान. त्याच्या आदल्या वर्षी माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आले. त्यात कर्जतचा माळही होता. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोक या माळांवरून जवळपास नाहीसा झाला, काळवीट टिकला आणि वाढलाही. रेहेकुरीतले कळप संध्याकाळी हद्दीबाहेर पडून ज्वारी, हरभरा आणि तुरीच्या रानात जातात. कुकडीच्या कालव्याचे पाणी आल्यावर तालुक्यात उसाचे क्षेत्र वाढले आणि उघडा माळ तेवढा घटला. उंच उसात काळविटाला लांबचे दिसत नाही, म्हणून तो त्यापासून दूर राहतो. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पिलांवर तुटून पडतात, उघड्या विहिरीही धोक्याच्या. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो, भरपाई मिळते. तोवर राखणीला बसलेला शेतकरी बॅटरीचा झोत टाकतो, डबा वाजवतो, आणि हरणे पलीकडच्या शेतात जातात.