पक्क्या आवृत्तीपूर्वीचे दिवस

पुस्तक छापण्यापूर्वी मुद्रिते तपासण्याची चाल आपल्या मुद्रणालयांत जुनी आहे. संगणकाच्या मुक्त प्रणालींनी ती चाल उचलली. परंतु ही मुद्रिते त्यांनी साऱ्या जगापुढे मांडली.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्सचा पहिला खर्डा खुला केला. त्याला आकडा दिला ०.०१. १.० हा आकडा लाभावयास मार्च १९९४ उजाडला. नव्या आवृत्तीस तेव्हा ठरलेला मुहूर्त नसे. २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये निघाली, तर २.६ डिसेंबर २००३ मध्ये. २००५ पासून मात्र घडी बसली. दोन आठवडे नवी भर स्वीकारावयाची, मग दार लावून घेऊन बहुधा दर आठवड्यास एक ‘रिलीज कँडिडेट’, म्हणजे उमेदवार आवृत्ती, परीक्षेस काढावयाची. अशा सात-आठ उमेदवारांनंतर पक्की आवृत्ती निघते.

या परीक्षेशी बेळगाव-निपाणीच्या वाचकाचा संबंध काय? पुण्याहून इकडे येताना वाटेत कऱ्हाड लागते. त्या नावातला अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही. टंकाला तो ठाऊक नसेल तर ‘ह’वर रफार चढतो आणि गावाचे नाव बिघडते, ‘दऱ्या’ लिहावयास जावे तर ‘दर्या’ उमटतो, आणि दरीच्या जागी समुद्र येतो! ही चूक मराठी डोळ्यालाच चटकन दिसणार.

शब्दांचेही तसेच आहे. ‘ग्नोम’ हा पडद्यावरील मांडणीचा प्रकल्प २००२ पासून सहामाही आवृत्त्या काढतो. प्रत्येक आवृत्तीपूर्वी मूळ मजकूर गोठवितात, म्हणजे भाषांतरकारांस उसंत मिळते. त्या मुदतीत जे वाक्य मराठीत आले नाही, ते पडद्यावर इंग्रजीतच राहते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून मराठीतून कागद मिळावा म्हणून येथील माणसाने अर्जावर अर्ज केले. येथे मात्र अर्ज नको, सरकारी हुकूमही नको. शेजारचा कन्नड भाषिक आपली अक्षरे याच दारातून आत आणू शकतो. एकाच यंत्रावर दोन्ही भाषा सुखाने नांदतात. परंतु दार थोडेच आठवडे उघडे असते. त्या दिवसांत आपली अक्षरे तपासून चूक कळविणे, एवढे काम आपल्या महाविद्यालयांतील तरुणांनी अंगावर घेतले, तर पुढल्या आवृत्तीत मराठी अधिक शुद्ध उतरेल.