सहा कामट्यांची काठी

बुरूड कळक फोडतो तेव्हा त्याची पाठ नीट पाहा. सगळी ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते. आतला भाग मऊ. अमेरिकेतल्या गळाच्या काठ्या करणाऱ्यांनी हेच हेरलं. तिथं पिसांची खोटी माशी दोरीच्या वजनावर दूर फेकून मासा धरतात. काठी लवली पाहिजे नि चटकन सरळही झाली पाहिजे.

पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचा सॅम्युएल फिलिप बंदुका करी, व्हायोलिनंही करी. १८४५ च्या सुमारास त्यानं कामट्या सरसानं जोडून काठ्या केल्या. १८७० नंतर मेन प्रांतातल्या हायरम लेनर्डनं सहा त्रिकोणी कामट्या यंत्रावर तासून जोडल्या, साल बाहेर ठेवून. आणि तुम्हांला गंमत वाटेल, आरंभी हा बांबू कलकत्त्याहून जात असे! मागाहून चीनच्या क्वांगतुंग प्रांतातला अधिक भरीव बांबू पसंत पडला.

१९५० मध्ये अमेरिकेनं चिनी मालावर बंदी घातली. त्यातच काचतंतूंच्या स्वस्त काठ्या आल्या, नि कितीतरी कारखाने बसले. एव्हरेट गॅरिसन हा इंजिनियर मात्र घरीच, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून, रंधा चालवीत राहिला. १९७५ साली तो वारला. त्याची सारी रीत १९७७ साली पुस्तकरूपानं निघाली. ते पुस्तक पुढ्यात ठेवून आजही लोक कामट्या तासतात.