रात्रीस खेळ चाले : कथानकावरील प्रेक्षकचर्चा

झी मराठीवरील ही गूढ मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. चित्रीकरणाचा वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीचा. गोव्याच्या हद्दीवरील पेडणे तालुक्याची कोकणी आणि मालिकेतील मालवणी यांत अंतर थोडे. त्यामुळे मालिकेतील नाईक कुटुंबाचे बोलणे, भांडणे आणि मौनही या पट्ट्यातील प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही.

पहिल्या पर्वात कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर घरात भरणारे भय भुताचे की माणसाचे, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. जमिनीची वाटणी हा संशयाचा भक्कम आधार. सामाईक मिळकतीची दुखणी ठाऊक असलेल्या कोकणात तो सहज पटणारा. अंधश्रद्धा व कोकणच्या बदनामीचा आक्षेप घेत सिंधुदुर्गातून विरोधही झाला.

चर्चेत खरी रंगत दुसऱ्या पर्वाने (२०१९–२०) आणली. ते पूर्वकथेचे असल्याने अण्णांचा शेवट आधीच माहीत होता. ‘पुढे काय’ मागे पडून ‘असे का’ हा प्रश्न उरला. अण्णा (माधव अभ्यंकर) क्रूर असूनही लोकप्रिय का, त्यांची प्रेयसी शेवंता (अपूर्वा नेमळेकर) लोभी की फसवली गेलेली, त्यांची पत्नी माई सोसते ती भीतीने की घर टिकवण्यासाठी? यांपैकी माईचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण त्याचे उत्तर देताना प्रेक्षकाला आपल्या घरातील बायकांच्या सोसण्याविषयी बोलावे लागते. तिसरे पर्व २०२१ मध्ये आले.