कारण कळणे आणि रोगी बरा होणे

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात काशीला बांधलेला भोसले घाट मराठी माणसाला यात्रेमुळे ठाऊक असतो. त्याच गंगाकाठाने दक्षिणेला, अस्सीपलीकडे गेले की काशी हिंदू विश्वविद्यालय लागते. शरीराविषयीचे ज्ञान उपचारात कसे उतरते, या प्रश्नाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाला मी आधी तिथे नेऊ इच्छितो.

या अभ्यासाबद्दल एक समजूत घट्ट रुतलेली आहे: प्रयोगशाळेत कारण सापडते, त्यावरून औषध तयार होते आणि दवाखान्यात ते फक्त वापरायचे उरते. काळा आजाराची गोष्ट वरवर तशीच दिसते. त्याचा परजीवी 1903मध्ये ओळखला गेला. पण बिहारमध्ये जुनी अँटिमनीची औषधे निकामी होत गेली. अँफोटेरिसिन-बी गुणकारी होते, मात्र त्याच्या 15 सलाइनसाठी रोग्याला महिनाभर खाटेवर राहावे लागे. विश्वविद्यालयाचे प्रा. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूरला केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2010मध्ये प्रसिद्ध झाले. तेच औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत बसवून एकदाच दिले, तरी सहा महिन्यांनंतर बरे राहणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच, सुमारे 96 टक्के होते. परजीवीविषयी नवे काही कळले नव्हते. कळले ते एवढे, की मजुरी बुडवून महिनाभर खाटेवर पडण्याची गरज नाही. हे कमी प्रतीचे ज्ञान आहे असे मला मुळीच वाटत नाही.

दुसरे उदाहरण उलट्या दिशेचे आहे, आणि मला अधिक मोलाचे वाटते. काशिराज दिवोदास धन्वंतरीचा उपदेश म्हणून सांगितलेल्या सुश्रुतसंहितेत क्षारसूत्राचा, म्हणजे क्षार लावलेल्या औषधी धाग्याचा, उल्लेख आहे. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात हळद आणि निवडुंगाच्या (स्नुहीच्या) चिकाने धागा भावित करायला सांगितले आहे. 1960च्या दशकापासून प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विश्वविद्यालयात भगंदरावर, म्हणजे गुदद्वाराजवळ तयार होणाऱ्या वाहत्या मार्गावर, तो पुन्हा वापरात आणला. पोथीत उपाय होता. पण धागा किती जाडीचा, पुटे किती, बदलायचा कधी, हे हातांनीच ठरवायचे होते. लिननच्या धाग्यावर एकूण 21 पुटे चढवायची अशी पद्धत रुळली: 11 नुसत्या स्नुहीच्या चिकाची, 7 चीक आणि आघाड्याच्या क्षाराची, 3 चीक आणि हळदीची. धागा आठवड्याने बदलायचा. तो पुढे मांस कापत जातो आणि मागचे भरत येते, म्हणून मलविसर्जनावर ताबा ठेवणारा स्नायू एकदम दुभंगत नाही. एक सेंटिमीटर मार्ग कापला जायला किती दिवस लागतात, हे माप या कामात रूढ झाले. ते सुश्रुतात नाही आणि ऊतिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातही नाही. रोग्याच्या खाटेपाशीच ते जन्मले.

कारणाचे ज्ञान आणि उपचार यांच्या मधली ही जागा रिकामी वाट नसून तिथे स्वतंत्र ज्ञान तयार होते, असे माझे मत आहे. ते न मिळवता नुसत्या कारणमीमांसेवर विसंबले तर काय होते, हे हृदयविज्ञानाने भोगले आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे जादा ठोके मृत्यूची सूचना देतात. मग ते थांबवणारी औषधे जीव वाचवतील, हा तर्क निर्दोष वाटत होता. 1989मध्ये चाचणीचा निकाल आला तेव्हा एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले. औषधांनी ठोके थांबवले होते.

चाचणी मात्र सगळे ठरवून देत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या बहुकेंद्री चाचणीत, जिचे निष्कर्ष 1991मध्ये आले, क्षारसूत्रानंतर वर्षभरात भगंदर उलटण्याचे प्रमाण 4 टक्के होते, शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के. पण जखम भरायला क्षारसूत्राने 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेने 4. यांतले चांगले कोणते? आकडे इथे थांबतात. लवकर मोकळे व्हायचे की पुन्हा त्रास नको, हे ज्याचे दुखणे त्याला विचारावे लागते, आणि विचारायचे कसे हाही या विद्येचाच भाग आहे.

तत्त्वज्ञानातून आलेल्यांनी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसावे, वैद्यकातून आलेल्यांनी आपण 'सिद्ध झाले' म्हणतो तेव्हा नेमके काय सिद्ध झाले ते शब्दात मांडून पाहावे. दोघांचेही या अभ्यासात स्वागत आहे. सुरुवात म्हणून एक प्रश्न घ्या. स्नुहीचा चीक ताजाच लागतो, त्यामुळे धागा बनवणे जिकिरीचे होते. म्हणून चिकाऐवजी गुग्गुळ वापरून धागे बनू लागले. नाव क्षारसूत्रच राहिले. तर 1991चे आकडे या धाग्याला लागू पडतात का? पडत असतील, तर कोणत्या आधारावर: क्षार तोच आहे म्हणून, की कापण्या-भरण्याची क्रिया तीच आहे म्हणून?