चित्रामागचा फोटो

परवा हर्नडनमध्ये एका होऊ घातलेल्या इमारतीची चित्रं बघायला गेलो होतो. १५ नोव्हेंबर २०२२ ला इथे मेट्रो आली, तेव्हापासून असे कार्यक्रम अंगवळणी पडलेत. चार-चार फुटी बोर्ड मांडलेले. इमारत संगणकाने काढलेली. मागचा रस्ता, झाडं, आभाळ मात्र खरं, जागेवर काढलेल्या फोटोतलं. इमारत झाडांआड कशी छान लपलेली! शेजारच्या एक आजी म्हणाल्या, "आणि पानं गळल्यावर?"

फोटो ऐन उन्हाळ्यातला होता. व्हर्जिनियात हिवाळाभर या झाडांचे नुसते खराटे असतात.

ही युक्ती जुनी आहे बरं का. इंग्लंडमधला उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२-१८१८) गिऱ्हाइकाला जलरंगातल्या चित्रांची लाल बांधणीची वही द्यायचा. चित्रावर कागदाची झडप असे. झडप बंद असताना आजची जागा दिसायची, उचलली की उद्याची. पुढे फोटो आला. १९२१ साली बर्लिनमधल्या एका स्पर्धेसाठी मीस व्हॅन डर रोहने फ्रीडरिशश्ट्रासच्या फोटोतच आपला काचेचा मनोरा बसवला. जुनी घरं काळपट, मनोरा उजळ. तो कधीच बांधला गेला नाही, पण चित्र अजून पुस्तकांत छापलं जातं. रस्ता खरा, म्हणून मनोराही खरा वाटतो!

संगणकाने हे सोपं केलं, पण मोठ्या प्रिंटने गोची केली. ४८ इंची बोर्डाला इंचामागे १५० ठिपके धरले तर आडवे ७२०० ठिपके लागतात. २००४ च्या सुमाराचा सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा जेमतेम ३००० द्यायचा. मग इमारत कोरीव आणि आभाळ धूसर! नाहीतर तीन-चार फोटो जोडायचे. त्यातही कॅमेरा कुठे, किती उंचीवर होता, भिंग कोणतं, ऊन कुठून येत होतं हे टिपून ठेवलं नसेल तर इमारत जमिनीवर बसतच नाही, तरंगते. वहीएवढ्या कागदावर ते खपून जातं, चार फुटांवर नाही.

पण आजींचा प्रश्न यापलीकडचा होता. मागचा फोटो हा साक्षीदार असतो. तो खोटं बोलत नाही, पण त्याला कधी आणि कुठे उभं करायचं हे आपण ठरवतो.

आमच्या बाबांनी पुण्यात फ्लॅट घेतला तो माहितीपत्रकातलं चित्र बघून. मागे हिरवीगार टेकडी. आज खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ खोट्या जाहिरातीबद्दल भरपाई देतं. पण टेकडी तर खरीच होती ना!

म्हणून मला वाटतं, अशा प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात फोटोची तारीख, जागा, उंची आणि भिंग छापलेलं असावं. एका ओळीचं काम आहे. तुम्हाला काय वाटतं?